अर्ध्यावर थांबलेली आग

बसा.

पाठ जिथे टेकते तिथे टेकू द्या. हात मोकळे सोडा. वाचण्याची घाई नाही. दोन ओळींच्या मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा.

एक श्वास आत येऊ द्या. बाहेर तो आपणहून जाईल.

बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे जरा जास्त लक्ष द्या. आत आला तेव्हापेक्षा तो उबदार आहे, दमट आहे. आणि त्यात कार्बन आहे. सकाळच्या भाकरीचा, भाताचा, चहातल्या साखरेचा. शंभर भागांत साधारण चार भाग कार्बन डायऑक्साइड नाकपुडीतून हलकेच निघून जातो.

तो दिसत नाही. त्याला वास नाही.

आज त्याच्या मागे मागे जाऊ या. सावकाश.

डोळ्यांपुढे एक शेत आणा.

सातारा जिल्हा, फलटणची बाजू. ऊस नुकताच तुटून गेला आहे. तोडणीची टोळी पुढच्या फडावर निघून गेली. ओल्या मातीत गाडीची चाकोरी अजून ताजी आहे.

बाकी जमीन दिसतच नाही. सगळीकडे पाचट.

वाळलेली पानं, एकावर एक, घोटा बुडेल इतकी. फिकट पिवळी, मधूनच तांबूस. चाललात तर पायाखाली आवाज होतो. उभे राहिलात तर आवाज थांबतो.

उभे राहा.

आता वाकून एक पान उचला. लांब आहे, हातात धरून वर केलं तरी टोक खाली लोंबतं. मधली शीर टणक. दोन्ही कडा करवती. बोट उलट्या दिशेने फिरवू नका, कापेल. उसात राबणाऱ्या बायांच्या मनगटांवर, मानेवर या कडेचे बारीक ओरखडे असतात, आणि घाम लागला की ते चुरचुरतात. या पानात सिलिका आहे. वाळूत असते तीच. मुळांनी ती पाण्याबरोबर ओढून वर आणली आणि पानाने ती अंगात भरून ठेवली.

पान कानाजवळ न्या. हळूच चुरगाळा.

ऐका.

हे पान हिरवं होतं तेव्हा त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं उघडत होती, मिटत होती. त्यांतून हवा आत जात होती. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग. तेवढ्यातूनच हे पान कार्बन वेचत राहिलं. उन्हाच्या बळावर त्याची साखर केली, बरीचशी कांड्यांत धाडली, आणि उरलेल्यातून स्वतःचं अंग बांधलं.

वाळलेल्या पानाचं निम्म्याच्या जवळपास वजन कार्बनचं असतं. तो सगळा हवेतून आलेला.

पान तळहातावर आडवं ठेवा. हात स्थिर राहू द्या.

त्यातला एखादा कण बांधावरून चालणाऱ्या कुणाच्या तरी श्वासातला असेल. एखादा बैलाच्या. एखादा दूरच्या गिरणीच्या धुराड्यातला. कुठला कुणाचा, हे सांगता यायचं नाही. पानाने निवड केली नाही. आलेलं घेतलं.

श्वास आत. श्वास बाहेर.

एवढंच करा थोडा वेळ.

एका हेक्टरात असं पाचट आठ-दहा टन पडतं. शेंड्याचे हिरवे वाढे गुरांना जातात. वाळलेलं पान गुरं तोंडात धरत नाहीत. ते कुजायला वेळ लागतो. खोडव्याला पाणी सोडायचं असतं, सरी मोकळी हवी असते, माणसं मिळत नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी वारा पडला की बांधावरून कुणीतरी काडी लावतं.

त्या माणसाला बोल लावायला आपण आलेलो नाही. त्याच्या शेजारी उभे राहू या. तोंडावर धग येते, म्हणून दोन पावलं मागे.

बघा.

आग पळते. तिचा आवाज पावसाच्या जोरदार सरीसारखा आहे. काही मिनिटांत ती या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. काळ्या पापड्या वर उडतात, दूरच्या वस्तीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतात. वर्षभर वेचलेला कार्बन एका संध्याकाळी परत आकाशात.

आता सगळ्या आगीकडे बघू नका. एकच पान निवडा. कडेचं, जिथे ज्वाळ अजून पोचायची आहे.

ज्वाळ येते. पान आकसतं. आधी काळं पडतं. मग त्या काळ्यावर लाल रेघ सरकत जाते. मग पांढरी राख, आणि तीही फुंकर आल्यासारखी नाहीशी होते.

पुन्हा बघा, अजून हळू.

पिवळं. काळं. लाल. पांढरं.

मधलं ते काळं क्षणभरच असतं. पाणी गेलेलं आहे, धूर जाऊ लागला आहे, पण कार्बन अजून आहे. तो पानाच्याच आकारात तिथे उभा आहे. पुढच्या क्षणी हवेतला प्राणवायू त्याला गाठतो आणि घेऊन जातो.

त्या काळ्या क्षणापाशी थांबायचं आहे आज आपल्याला.

आग इथवर येऊ द्यायची, आणि इथेच थांबवायची. एवढंच या सगळ्या विद्येचं मूळ आहे. हवा अडवली की आग थांबते. उष्णता देत राहायची, हवा द्यायची नाही.

माणसाला हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. रायगडच्या डोंगराकडेला कातकरी माणसं कोळसा पाडतात. लाकडं रचतात, वर पाला घालतात, पाल्यावर माती लिंपतात. धुराला एखादं भोक. मग दिवसच्या दिवस त्या ढिगाऱ्याभोवती राखण. माती कुठे खचली तर लगेच ओला चिखल, कारण तिथून हवा आत शिरली की सगळ्याची राख. धुराच्या रंगावरून ती सांगतात आत काय चाललंय. एवढं जाणणारी माणसं, आणि हंगामाच्या आधी घेतलेली उचल फेडता फेडता त्यांचा हंगाम संपतो. हे नजरेआड करून पुढे जाववत नाही, म्हणून इथे लिहिलं.

पण पाचट म्हणजे लाकूड नव्हे. पान पातळ असतं. मातीच्या भट्टीत ते ठरत नाही, बघता बघता जळून जातं.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पातळ पानासाठी वेगळी भट्टी बसवली. शेतात उचलून नेता येईल अशी, पत्र्याची. मोठ्या भट्टीच्या पोटात पिंपं. पिंपांत पाचट. 2002 साली या कामाला ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार राहू दे बाजूला. आपण पिंपापाशी बसू.

पिंपात पाचट दाबून भरलंय. वर झाकण घट्ट. खाली तळाला भोकं आहेत, बारीक. पिंपाच्या भोवती आणि खाली थोडं पाचट पेटवलंय. बाहेर आग, आत अंधार.

आत मन न्या. त्या अंधारात.

आधी काहीच होत नाही. पत्रा तापतो. पानं ऊब धरतात.

मग पाणी सुटतं. वाळलेलं वाटणारं पानही पाणी धरून असतं, ते वाफ होऊन निघतं. बाहेर पांढरा, जड धूर दिसतो. तो खाली खाली रेंगाळतो.

त्या पांढऱ्या धुराकडे बघत राहा. तो धूर कमी आणि पाणी जास्त.

आता धूर पिवळट होतो. डोळ्यांना झोंबतो. आत तीनशे अंशांच्या आसपास उष्णता झाली आहे. पानाचे धागे तुटताहेत. ज्या साखरसाखळ्यांनी पान उभं होतं त्या उसवत चालल्या आहेत, आणि त्यांचे हलके तुकडे वायू होऊन बाहेर पडताहेत.

ते वर जाऊ शकत नाहीत, झाकण आहे. तळाच्या भोकांतून ते खाली येतात. खाली आग आहे. आगीत ते पेट घेतात.

इथे जरा थांबा. घडतंय ते नीट बघा.

आता बाहेरून जाळायला काही लागत नाही. पान स्वतःच्याच धुरावर भाजलं जातंय. जो धूर शेजारच्या वस्तीत, पोरांच्या छातीत गेला असता तो इथे पिंपाखाली निळसर ज्वाळ होऊन जळतो आहे. भोकांतून फुरफुर आवाज येतो.

ऐका तो.

हळूहळू तो बारीक होतो. ज्वाळा आखूड होतात. धूर विरळ, निळा, मग जवळजवळ नाहीच. आतलं जाणारं सगळं गेलं. राहायचं ते राहिलं.

आग आपणहून विझते.

आता सगळ्यात अवघड काम आहे. काही न करण्याचं.

झाकण उघडायचं नाही. आतला कोळसा अजून तप्त आहे. आत्ता हवा लागली तर तो क्षणात लाल होईल आणि मघाचीच गोष्ट पुढे सुरू होईल. पिंप थंड होऊ द्यायचं. पत्र्यावर हात ठेवता येईल इतकं.

तेवढा वेळ आपणही घेऊ.

श्वास येतो.

श्वास जातो.

मध्ये जो थांबा आहे, बाहेर गेल्यावर आणि आत येण्याआधी, तिथे काही भरू नका. मोकळा राहू द्या.

अजून एकदा.

आता उघडा.

पान तिथेच आहे. आकसलंय, हलकं झालंय, पण पानच आहे. मधली शीर ओळखू येते. कडेची करवत ओळखू येते. रंग गडद काळा, आणि तिरपं धरलं तर त्यावर राखाडी चमक.

दोन बोटांत धरा. किंचित दाबा.

खळकन मोडतं. बारीक, कोरडा, काचेसारखा आवाज.

बोटाच्या टोकाला काळं लागलं आहे. पुसू नका लगेच. बघा ते. त्वचेच्या रेषारेषांत जाऊन बसलंय.

शंभर किलो पाचटातून असा पंचवीस-तीस किलो कोळसा हाती येतो. त्याची भुकटी करतात, पिठाच्या खळीत किंवा शेणात मळतात, यंत्रातून कांड्या पाडतात, उन्हात वाळवतात. शेगडीत ती कांडी जळते तेव्हा धूर होत नाही. चुलीपुढे वर्षानुवर्षं डोळे चोळत बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. एक सांगायलाच हवं. धूर नाही म्हणून कोळशाचा विस्तव बंद खोलीत ठेवू नये. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही की वास नाही, आणि झोपेतच तो माणसाला नेतो. खिडकी उघडी असू द्या.

चिमूटभर भुकटी तळहातावर घ्या. जाळायची नाही. बघायची.

आणखी जवळून बघा. आणखी.

पानाला पाणी नेणाऱ्या नळ्या होत्या. भिंती भाजून काळ्या झाल्या, नळ्या तशाच राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळीने दिसतात. एकीच्या शेजारी एक, रिकाम्या. नळीच्या भिंतीतही भोकं आहेत. त्या भोकांच्या भिंतीतही. जे जे निघून गेलं ते आपली जागा मोकळी ठेवून गेलं.

ही मोकळी जागा आणखी वाढवता येते. कोळसा आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवतात आणि त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कार्बनचा थोडा थोडा अंश घेऊन जाते, बंद राहिलेल्या वाटा उघडत जातात. याला सक्रिय कोळसा म्हणतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा या कामाला फार चांगला, पण पाचटाचा, चिपाडाचा, कपाशीच्या पऱ्हाटीचाही करता येतो.

चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या तर सुमारे एक हजार चौरस मीटर भरतात.

म्हणजे दहा गुंठे.

तळहातावरच्या चिमटीकडे पुन्हा बघा. दहा गुंठे.

या आकड्याचं काही करायचं नाही. तो आत उतरू द्या.

या भिंतींना एक ओढ असते. पाण्यातून जाणारे रंगाचे, वासाचे, औषधांचे कण भिंतीजवळून जातात आणि भिंत त्यांना धरते. घट्ट मिठी नसते ती. नुसतं जवळ असण्याने जे धरलं जातं तेवढंच. पण भिंत दहा गुंठे आहे, म्हणून ते पुरतं.

1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला योहान टोबियस लोविट्झ नावाच्या औषध-रसायन जाणणाऱ्या माणसाने कोळशाचा हा गुण पाहिला. तपकिरी पडलेलं द्रावण कोळशाच्या सहवासात फिकं होत गेलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत युरोपातल्या साखर शुद्ध करणाऱ्यांनी तो उचलला. तपकिरी पाक कोळशातून जातो आणि उजळ होऊन निघतो. उसाच्या पानाचा कोळसा उसाच्याच रसाचा रंग उतरवू शकतो, हे मला दर वेळी नव्याने जाणवतं आणि दर वेळी मी थबकते.

थोडं पाणी प्यावंसं वाटलं तर प्या. पुढची जागा इतकी सुखाची नाही.

आता गाळ.

इचलकरंजीकडे चला. मागांचा आवाज दूर राहू द्या. जिथे सूत आणि कापड रंगवतात, धुतात, तिथलं पाणी जिथे येऊन थांबतं तिथे उभे राहा.

नाक मुरडेल. मुरडू द्या. पण पाय मागे घेऊ नका.

टाकीत पाणी येतं तेव्हा त्याला रंग असतो. कालचा वेगळा, आजचा वेगळा. त्यात चुना घालतात, तुरटी किंवा लोहाचे क्षार घालतात. रंगाचे कण एकमेकांना धरतात, जड होतात, खाली बसतात. पुढच्या टाकीत हवा सोडलेली असते. पाणी सतत खदखदतं. तिथे जिवाणू आहेत. पाण्यात विरघळलेलं जे जे त्यांना पचतं ते खातात आणि वाढतात. मँचेस्टरला 1914 मध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही रीत मांडली, आणि आज जगभर सांडपाणी असंच जिवाणूंच्या हवाली केलं जातं. पोट भरलेले जिवाणूही शेवटी तळाला जातात.

वर पाणी. खाली गाळ.

गाळाकडे बघा.

काळपट, मऊ, चकाकणारा. काठी बुडवली तर सहज जाते आणि बाहेर काढली की ओघळ येतो. तळाशी जमतो तेव्हा त्याच्या शंभर भागांत अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतं. यंत्रात दाबून पिळला तरी बरंचसं पाणी तो सोडत नाही.

याला कुणी आपलं म्हणत नाही. कापड आपलं, रंग आपला, सणाला घेतलेली साडी आपली.

तुमच्या अंगावरच्या कपड्याला आत्ता हात लावा. त्याचा रंग बघा. त्या रंगाचा थोडा भाग कापडात बसला. थोडा कुठेतरी पाण्याबरोबर गेला.

बघत राहा. बोट कापडावरच असू द्या.

या गाळातही कार्बन आहे. जिवाणूंच्या देहांचा, रंगांच्या कणांचा, खळीचा. शिवाय लोखंड आहे, चुना आहे. आणि कारखान्याप्रमाणे क्रोमियम, तांबं, निकेल, जस्तही असू शकतं. सामायिक सांडपाणी केंद्रातला असा रासायनिक गाळ केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतो. तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या ठिकाणी अस्तर घातलेल्या खड्ड्यांत नेऊन पुरतात.

पुरणं म्हणजे बाजूला ठेवणं. तो तिथे असतो.

या गाळापाशीही पिंपातली रीत चालेल का? ओला गाळ भाजायचा म्हणजे आधी सगळं पाणी उडवायचं. त्यात फार इंधन जातं. म्हणून एक रीत अशी आहे की पाणी उडवायचंच नाही. ओला गाळ जसा आहे तसा मजबूत पोलादी भांड्यात बंद करायचा आणि एकशे ऐंशी ते अडीचशे अंशांच्या दरम्यान तापवायचा. बाहेर जायला वाट नाही, म्हणून पाणी वाफ होऊन निसटत नाही, दाब वाढत जातो, आणि त्या कोंडलेल्या गरम पाण्यात गाळ काही तासांत कोळशाच्या वाटेने जातो. फ्रीडरिश बेर्गियुस या जर्मन रसायनज्ञाने 1913 मध्ये वनस्पतींचा असा कोळसा केल्याचं मांडलं. जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत दगडी कोळसा कसा झाला असेल, हे त्याला समजून घ्यायचं होतं.

कोट्यवधी वर्षं आणि काही तास. दोन्ही एका श्वासात धरून बघा. धरता आलं नाही तरी असू द्या.

दुसरी रीत मला जास्त जवळची वाटते.

पिळून वाळवलेल्या गाळात पाचट मिसळायचं. किंवा चिपाड, पऱ्हाटी, भाताचं तूस, जे जवळ असेल ते. आणि दोघांना एकत्र, हवेविना भाजायचं. नुसता गाळ भाजला तर हाती कार्बन थोडा आणि राखच फार लागते. नुसत्या पानाच्या कोळशात कार्बन असतो, पण काही गोष्टी धरण्याची ताकद कमी पडते. एकत्र आले की पान कार्बन देतं आणि भोकं देतं, गाळ लोखंड देतो, चुना देतो. पाण्यातलं फॉस्फेट, काही रंग, काही धातू मग या मिश्र कोळशाला जास्त धरता येतात.

गाळात लोखंड भरपूर असेल तर भाजताना त्याचे चुंबकीय कण तयार होतात. असा कोळसा पाण्यात टाकला, पाणी ढवळलं, रंग धरू दिला, की बाहेरून भांड्याला चुंबक लावायचा. काळी भुकटी हळूहळू त्या बाजूला सरकते. भांड्याच्या भिंतीला चिकटून उभी राहते. मध्ये पाणी मोकळं.

हे डोळ्यांपुढे आणा. काचेचं भांडं. निळसर पाणी. पाण्यात काळा ढग. चुंबक.

ढग सरकतो.

पाण्याचा निळा उतरत जातो. एकदम नाही. कडेपासून, हळूहळू, बघता बघता नव्हे तर बघत राहिल्यावर.

बघत राहा.

आणि आता एक प्रश्न येतो. त्याला येऊ द्या. समोर बसवा.

ते धातू कुठे गेले?

कार्बन वायू होऊन निघून जाऊ शकतो. पारा तापला की उडतो, म्हणून धूर अडवून गाळावा लागतो. पण क्रोमियम, तांबं, निकेल कुठे जात नाहीत. गाळ भाजला की वजन घटतं, आणि ते त्या कमी वजनात दाटून राहतात. बऱ्याच वेळा कोळशाच्या आणि खनिजांच्या जाळ्यात ते पक्के अडकतात, पाण्यात पूर्वीइतके सुटत नाहीत. बऱ्याच वेळा. नेहमी नव्हे.

म्हणून अशा कोळशाला विचारावं लागतं. त्यावर किंचित आंबट पाणी घालून ठेवतात, हलवतात, गाळतात, आणि त्या पाण्यात काय उतरलं ते मोजतात. उतरलं नाही तर पुढे. उतरलं तर हा कोळसा शेतात घालायचा नाही, पिण्याच्या पाण्याजवळ न्यायचा नाही, मग तो कितीही देखणा काळा असो. पाचटाचा कोळसा मातीत जाऊ शकतो, तिथे शेकडो वर्षं टिकतो, पाणी धरतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोळसा मिसळून केलेली काळी माती अजून पिकते. रंगाईच्या गाळाच्या कोळशाला हा मान आपोआप मिळत नाही. त्याचं काम वेगळं. तो ज्या कारखान्याच्या गाळातून आला, त्याच कारखान्याच्या पाण्याचा रंग धरत त्याने बसावं, हे मला रास्त वाटतं.

थोडं थांबू या इथे.

प्रश्न अजून समोर बसलाय. त्याला घालवू नका. त्याच्याबरोबर तीन श्वास घ्या.

एक.

मध्ये थांबा.

दोन.

तीन.

आता एका उंच नळकांड्याकडे बघा. काचेचं आहे, आत काळा कोळसा भरलेला. वरून रंगीत पाणी येतं. खाली तोटी आहे, तिच्यातून थेंब पडतो.

थेंबाला रंग नाही.

वर बघा. रंगीत पाणी कोळशाच्या माथ्यावर येतं आणि दिसेनासं होतं. आत काय चाललंय ते दिसत नाही. दहा दहा गुंठ्यांच्या घड्यांमधून ते वाट काढतंय. कुठे अडतंय, कुठे वळतंय. वाटेवरच्या भिंती एकेक कण ठेवून घेताहेत.

खाली थेंब.

पुन्हा थेंब.

तासन्‌तास असं चालतं. मग एका वेळी खालच्या थेंबात रंगाची अगदी पुसट छटा येते. पहिल्यांदा डोळ्यांना खरी वाटत नाही. पुढच्या थेंबात ती किंचित जास्त असते. कोळसा भरला. वरून भरत भरत खालपर्यंत. भिंतींवर आता जागा नाही.

भरलेला कोळसा पुन्हा भट्टीत जातो. पुन्हा हवा बेताची, पुन्हा उष्णता, पुन्हा वाफ. धरलेला रंग जळून, उडून जातो, भिंती मोकळ्या होतात. दर खेपेला पाच-दहा टक्के कोळसा झिजतो. तेवढा नवा घालावा लागतो. त्यासाठी कुठेतरी नवी करवंटी, नवं चिपाड, नवं पाचट पिंपात भरलं जातं.

आता डोळे पुरते उघडा. बोटं हलवा, मान हलवा.

घरी पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र असेल तर त्यात एक कार्बनची नळी असते. बहुधा करवंटीच्याच कोळशाची. काही महिन्यांनी ती बदलायला माणूस येतो, जुनी पिशवीत टाकून घेऊन जातो. या खेपेला ती जुनी नळी त्याच्या हातून मागून घ्या. हातात धरा, तिचं वजन बघा. आणि ती इथून कुठे जाते, ते त्याला विचारा.